सातवीच्या वर्गातला एक शब्द आणि पंचविशीतली बढती

पत्राचा सारांश: डिचोली तालुक्यातली पंचवीस वर्षांची वाचक. चौथीपर्यंत गावच्या सरकारी मराठी शाळेत, पाचवीपासून इंग्रजी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये. सातवीत भूगोलाचा धडा मोठ्यानं वाचताना तिनं 'आयलंड' हा शब्द स्पेलिंगप्रमाणे 'इसलँड' असा वाचला. वर्ग हसला, सरही हसले, आणि दहावी होईपर्यंत तेच तिचं टोपणनाव झालं. त्यानंतर तिनं वर्गात हात वर केला नाही. दहावीला ५८ टक्के, मैत्रिणींबरोबर कॉमर्स, मग बी.कॉम. गेली तीन वर्षं ती म्हापशातल्या एका सीए फर्ममध्ये अकाउंट्स बघते. आता तिथल्या सरांनी तिला क्लायंटकडे जाऊन हिशेब समजावून सांगण्याचं काम देऊ केलंय, पगारवाढीसह. पंधरा दिवसांत उत्तर द्यायचंय. "मी बोलणाऱ्यांतली नाही, हे हायस्कूलमध्येच ठरलं," असं ती लिहिते. आणखी दोन प्रश्न आहेत. दहावीच्या बॅचचा स्नेहमेळावा ठरतोय, तिथं जावं का? आणि धाकटी बहीण त्याच शाळेत आठवीत आहे, हल्ली घरी गप्प असते. तिला म्हापशाच्या नावाजलेल्या शाळेत घालावं का?

तुमच्या पत्रात 'ठरलं' हा शब्द सात वेळा आलाय. बोलणाऱ्यांतली नाही हे ठरलं, कॉमर्सला जायचं ठरलं, फायलींच्या मागंच राहायचं ठरलं. कुणी ठरवलं, ते एकदाही लिहिलेलं नाही. या प्रत्येक गोष्टीचं कारण वेगळं आहे, आणि तुम्ही ती सगळी सातवीतल्या त्या एका तासाच्या गळ्यात बांधली आहेत. ती आधी सुटी करू या, कारण प्रत्येकीवरचा उपाय वेगळा आहे.

तो तास क्षुल्लक होता, विसरून जा, असं मी सांगणार नाही. बारा-तेराव्या वर्षी बरोबरीच्या मुलांचं हसणं फार लागतं, आणि शिक्षकच हसले की वर्गाला पुढची तीन वर्षं हसायची मुभा मिळते. ती चूक त्या शिक्षकांची होती. पण तुम्ही काय चुकलात, तेही जरा नीट बघा. तुम्ही चार वर्षं देवनागरी वाचत आला होतात, जिथं लिहिलंय तसंच वाचायचं असतं. त्या सवयीनं तुम्ही समोरचं अक्षर वाचलंत. गंमत म्हणजे 'आयलंड'मधला तो एस मुळात तिथला नव्हेच. जुन्या इंग्रजीत हा शब्द एसशिवायच लिहीत. पंधराव्या-सोळाव्या शतकाच्या सुमाराला, हा शब्द लॅटिन 'इन्सुला'वरून आला असावा अशा चुकीच्या समजुतीतून तो एस मध्ये घुसला. तुम्ही रोज हाताळता त्या 'रिसीट'मधला पी आणि कर्ज या अर्थाच्या 'डेट'मधला बी, हेही असेच लॅटिनच्या ओढीनं मागाहून घातलेले. ज्या एसवर वर्ग हसला, ती चूक इंग्रजांचीच होती.

आता ५८ टक्के. गोव्यातल्या हजारो मुलांची वाट तुमचीच आहे: चौथीपर्यंत मराठी किंवा कोकणी, आणि पाचवीच्या पहिल्या दिवशी सगळं इंग्रजी. मार्चमध्ये मूळ, खोड, पान म्हणणारं मूल जूनमध्ये रूट, स्टेम, लीफ पाठ करू लागतं. परक्या भाषेत शिकणाऱ्या मुलांवर जिम कमिन्स या कॅनडातल्या अभ्यासकानं १९८० च्या आसपास जे काम केलं, ते इथं लागू पडतं. टोरांटोच्या शाळांतल्या स्थलांतरित मुलांची माहिती तपासून त्यांनी दाखवलं, की रोजचं बोलणं मुलांना साधारण दोन वर्षांत जमतं, पण धडा समजून घेणं, कारणं लिहिणं, व्याख्या करणं ही अभ्यासाची भाषा बरोबरीच्या मुलांइतकी यायला पाच ते सात वर्षं लागतात. तुमचा हिशेब मांडा. पाचवीच्या जूनपासून दहावीच्या परीक्षेपर्यंत सहा वर्षंही होत नाहीत. शिवाय टोरांटोतल्या मुलांच्या कानावर शाळेबाहेरही इंग्रजी पडत होतं. तुमच्या भोवती बसमध्ये, देवळात, दुकानात मराठी आणि कोकणी. म्हणजे अभ्यासाची भाषा अर्धवट पिकलेली असताना बोर्डाची परीक्षा आली. त्या ५८ मध्ये गणित किती, विज्ञान किती आणि इंग्रजीशी झटापट किती, हे वेगळं काढता येत नाही. मराठीतून शिकला असता तर ८० पडले असते असंही मी म्हणणार नाही, ते कुणालाच ठाऊक नाही. पण तो आकडा तुमच्या कुवतीचं माप म्हणून आठ-नऊ वर्षं उराशी धरावा, इतका तो चोख नाही.

मग हायस्कूलचं पुढं काय उरतं? अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात १९५७ साली हायस्कूल पूर्ण केलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश मुलांचा, म्हणजे १०,३१७ जणांचा, अनेक दशकं मागोवा घेतला गेला. त्यावर काम करणाऱ्या विल्यम स्यूएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जे दिसलं, ते तुमच्यासाठी महत्त्वाचं आहे. बुद्धी आणि गुण यांचा वाटा होताच. पण मुलाकडून आई-वडील आणि शिक्षक काय अपेक्षा ठेवतात आणि त्याचे मित्र पुढं काय करणार आहेत, यावर तो किती शिकायचं मनात धरतो हे बरंच अवलंबून होतं, आणि त्यावर पुढची नोकरी. "मैत्रिणी कॉमर्सला गेल्या म्हणून मी गेले" हे तुम्ही कबुली दिल्यासारखं लिहिलंय. त्यात कबुली देण्यासारखं काही नाही. दुसरं गाव असो की दुसरा देश, बहुतेक मुलं अशीच वाट निवडतात. आणि आसपासच्या अपेक्षांचा हा परिणाम दहावीला संपत नाही. आज तुमचं काम रोज बघणारा माणूस कोण? फर्मचे सर. तीन वर्षं तुमच्या फायली तपासून ते म्हणतायत की ही क्लायंटसमोर उभी राहू शकते. सातवीतल्या सरांनी तुम्हाला एक शब्द वाचताना ऐकलं होतं. या दोघांच्या मतांना तुम्ही सारखंच वजन देताय, आणि माझा आक्षेप तिथं आहे.

पत्राच्या मध्यावर एक ओळ तुम्ही सहज लिहून गेलात. नववीत शाळेच्या सरस्वती पूजनाच्या वर्गणीची वही तुमच्याकडे होती, आणि उरलेले १४० रुपये पावत्यांसह तुम्ही वर्गशिक्षिकेला परत केले. चौदाव्या वर्षी कुणी न सांगता पावत्या जपून ठेवणं हेही हायस्कूलमध्येच घडलं. अर्थशास्त्रज्ञ जेम्स हेकमन यांनी अमेरिकेत शाळा अर्ध्यात सोडून नंतर समकक्ष परीक्षा पास झालेल्यांचा अभ्यास केला. परीक्षेतली बुद्धी शाळा पूर्ण केलेल्यांइतकीच, पण नोकरीत ही मंडळी मागं पडत. चिकाटी, वेळ पाळणं, हातातलं काम तडीस नेणं, ज्याला गुणपत्रिकेत रकाना नसतो, ते कमी पडत होतं. तुमच्याकडे ते नववीतच दिसतं. इसलँड लक्षात राहिलं आणि वर्गणीची वही राहिली नाही, कारण वहीला कुणी हसलं नाही आणि कुणी टाळ्याही वाजवल्या नाहीत.

शाळेचं जे खरोखर तुमच्यात शिल्लक आहे ते एकच: नाव घेऊन कुणी विचारलं की गप्प होण्याची सवय. मीटिंगमध्ये सर तुमच्याकडे वळले की तुम्ही पेनाचं टोपण बघत बसता, असं तुम्ही लिहिलंय. ही सवय टिकण्याचं कारण साधं आहे. दर वेळी गप्प बसलात की प्रश्न दुसऱ्याकडे जातो आणि छातीवरचं दडपण उतरतं. त्या सुटकेमुळे शरीर शिकतं की गप्प बसल्यानं वाचलो, आणि पुढच्या वेळी जीभ आणखी जड होते. म्हणून नुसता धीर देऊन ही सवय जात नाही. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलं, की 'मला हे जमतं' हा विश्वास सगळ्यात पक्का बसतो तो स्वतः करून जमल्यावर; दुसऱ्याच्या शाबासकीनं आलेला विश्वास पहिल्याच धक्क्याला डळमळतो. तेव्हा जमतील एवढ्या छोट्या पायऱ्या करायच्या.

त्याआधी काम नक्की काय आहे ते बघा. तुमच्या मनात क्लायंटसमोर बोलणं म्हणजे इंग्रजीत भाषण. पण तुमच्या फर्मचे क्लायंट कोण? म्हापशाच्या बाजारातले दुकानदार, शिवोलीचा हार्डवेअरवाला, कळंगुटची दोन हॉटेलं. यांतले बहुतेक तुमच्याशी कोकणीतच बोलणार. आणि सांगायचं काय असतं? "पात्रांव, हे २८ हजारांचं बिल तुमच्या सप्लायरनं त्याच्या जीएसटीआर-१ मध्ये दाखवलेलं नाही. म्हणून १४ तारखेला आलेल्या २बीमध्ये ते नाही, आणि या महिन्यात त्याचं क्रेडिट घेता येणार नाही. त्याला आज फोन करा. ३बी आपल्याला २० तारखेच्या आत भरायचंय." (इतर वाचकांसाठी: जीएसटीआर-१ म्हणजे विकणाऱ्यानं भरायचं विक्रीचं विवरणपत्र, २बी म्हणजे त्यावरून घेणाऱ्याला मिळणारी क्रेडिटची यादी, ३बी म्हणजे कर भरायचं महिन्याचं विवरणपत्र, आणि क्रेडिट म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट.) हे तुम्हाला झोपेत विचारलं तरी येतं. बिलांसाठी क्लायंटना रोज फोन करता, असंही पत्रात आहे. म्हणजे बोलणं चालूच आहे, फक्त समोर चेहरा नाही.

पंधरा दिवसांत एवढं करा. पहिले चार दिवस रोज एक ओळखीची फाइल घ्या आणि अर्ध्या पानावर तीनच गोष्टी लिहा: काय झालं, काय अडलं, क्लायंटनं काय करायचं. पूर्ण वाक्यं लिहू नका. मग ज्या भाषेत सांगणार त्याच भाषेत मोबाइलवर दोन मिनिटं बोलून रेकॉर्ड करा. एकदाच ऐका, आणि एकच तपासा: ऐकणाऱ्याला पुढं काय करायचं ते कळलं का? आवाज कसा येतो, उच्चार कसे आहेत हे बघायला लागलात की तिसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग बंद पडेल. पाचव्या दिवसापासून तेच दुपारच्या डब्याच्या वेळी ऑफिसातल्या एका व्यक्तीला सांगा, आणि तिला मध्येच एक प्रश्न विचारायला सांगा. दुसऱ्या आठवड्यात आठवड्याच्या मीटिंगमध्ये पहिल्या पाच मिनिटांत एक वाक्य बोला. पहिल्याच पाच मिनिटांत, कारण उशीर केलात की तेच वाक्य डोक्यात घोळत जड होत जातं. प्रत्येक वेळी वहीत तीन रकाने भरा: तारीख, मी काय सांगितलं, समोरच्यानं काय केलं. 'मला कसं वाटलं' हा रकाना घालू नका. भीती पहिल्या महिन्यात कमी होत नाही, आणि तो रकाना वाचूनच माणसं सोडून देतात. तिसऱ्या रकान्यात मात्र "बिलं पाठवली", "सप्लायरला फोन केला" असं जमत जातं, आणि तो तुमचा पुरावा.

इंग्रजी लागेल तिथं शब्द पाठ करण्यापेक्षा पंधरा-वीस तयार वाक्यं हाताशी ठेवा. त्यातलं पहिलं: "आय विल चेक अँड टेल यू बाय टुमॉरो ईव्हनिंग." उत्तर येत नसताना गप्प बसण्यापेक्षा हे वाक्य बोललात तर क्लायंटचा विश्वास वाढतो, फक्त दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खरंच सांगायचं. अख्खा परिच्छेद पाठ करून जाऊ नका. एक शब्द निसटला की मागचं सगळं कोसळतं, आणि सातवीचा वर्ग डोळ्यांसमोर येतो.

हे करूनही अशा भेटीच्या आधी अनेक आठवडे झोप उडत असेल, उलटीची भावना येत असेल, रजा टाकावीशी वाटत असेल, तर तो स्वभाव समजून सोसत बसू नका. बांबोळीच्या मनोविकार इस्पितळात दाखवा किंवा टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर आधी बोला. लोकांसमोर बोलण्याच्या तीव्र भीतीवर चांगला उपचार होतो.

बढती नाकारण्याचा हक्कही तुम्हाला आहे. संध्याकाळी कळंगुटहून डिचोलीला परतायची बस मिळत नाही, प्रवासभत्ता नाही, किंवा तुम्हाला ऑडिटच्या कामात खोल जायचंय, ही नाही म्हणायला चांगली कारणं आहेत, आणि ती सरांना तशीच सांगता येतात. "मी हायस्कूलपासून अशीच आहे" हे कारण मात्र एकदा कागदावर लिहून बघा आणि दुसऱ्या कुणी तुम्हाला ते सांगितलं असतं तर पटलं असतं का, ते बघा.

स्नेहमेळाव्याचं थोडक्यात. जा, पण एका मैत्रिणीबरोबर, आणि दोन तासांत निघायचं आधीच ठरवून. कुणी 'इसलँड' म्हटलंच तर हसून न घेता एवढंच म्हणा: "ते नाव नको आता, माझ्या नावानं हाक मार." बहुतेकांना ते नाव आठवणारही नाही, आणि ज्याला आठवेल तो ओशाळेल. वर्गणीचा हिशेब ठेवायला कुणी लागत असेल तर तो मागून घ्या. हातात काम असलं की अशा ठिकाणी उभं राहणं सोपं जातं. शाळेचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सोडू नका, हे नोकरी शोधणाऱ्या इतर वाचकांसाठीही सांगते. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ च्या लेखात दाखवलं होतं, की ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम १७ टक्क्यांना ती वरचेवर भेटणाऱ्या माणसाकडून कळली. बाकीच्यांना कधीमधी किंवा क्वचित भेटणाऱ्याकडून. जवळच्या मैत्रिणीला तुम्हाला जे माहीत तेच माहीत असतं. वेर्ण्याच्या कारखान्यात गेलेला, दहावीनंतर न भेटलेला वर्गमित्र वेगळं काही ऐकून असतो. पण ग्रुपवर "काही जॉब असेल तर सांगा" असं टाकलंत तर उत्तर येत नाही, कारण कुणाला काय शोधायचं तेच कळत नाही. एकेकट्याला लिहा: कुठलं काम, किती वर्षांचा अनुभव, कुठल्या भागात, आणि "तुमच्याकडे अकाउंट्सला कोण बघतं, त्यांचं नाव देशील का?"

दहावीचे टक्के कमी म्हणून सरकारी नोकरीचा फॉर्मच न भरणाऱ्यांनाही एक सांगायचंय. गोव्यात कर्मचारी निवड आयोगाच्या पदांसाठी पात्रता बसत असली की निकाल लेखी परीक्षेवर लागतो, आणि तिथं कोकणीचं ज्ञान आवश्यक, मराठीचं इष्ट असतं. मराठी शाळेत गेलेली चार वर्षं तिथं कामाला येतात. दहावीच्या प्रमाणपत्रात माणसं अडतात ती बहुधा नावाच्या स्पेलिंगवर: जन्मदाखल्यावर एक, प्रमाणपत्रावर दुसरं, आधारवर तिसरं. कागदपत्रं तपासणीची तारीख आल्यावर हे दुरुस्त होत नाही. आजच तिन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा.

आता बहीण. तिच्या गप्प बसण्यात तुम्हाला तुमची सातवी दिसते, आणि म्हणून शाळा बदलण्याची घाई होतेय. आधी तिचं काय चाललंय ते कळू दे. "शाळा कशी चाललीय?" याला "बरी" हेच उत्तर येतं. त्याऐवजी आज कुठल्या तासाला कंटाळा आला, मधल्या सुट्टीत डबा कुणाबरोबर खाल्ला, कुठला तास नसता तर बरं वाटलं असतं, असं विचारा. आठवडाभरात कळेल की अडचण विषयाची आहे, एका शिक्षकाची की शेजारच्या बाकावरच्या मुलींची. कुणी चिडवत असेल तर आई किंवा बाबांनी वर्गशिक्षकांना भेटावं आणि तेच तारखेसह लेखीही द्यावं. फरक पडला नाही तर मुख्याध्यापकांना. शिक्षकच अपमान करत असतील तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षेइतकीच मानसिक छळालाही मनाई करतं, आणि हे पत्रात लिहिलेलं असलं की उत्तर लवकर येतं. शाळेत समुपदेशक येत असतील तर त्यांची वेळ घ्या.

नावाजलेल्या शाळेबद्दल मला काळजी वाटते. हर्बर्ट मार्श यांनी १९८० च्या दशकापासून दाखवलंय, की सारख्याच कुवतीचं मूल हुशार मुलांनी भरलेल्या शाळेत गेलं की स्वतःला कमी लेखू लागतं, कारण ते स्वतःला शेजारच्याशीच मोजतं. आधीच गप्प झालेल्या मुलीला रोज लांबचा बसप्रवास आणि अनोळखी वर्ग, त्यावर हे. त्रास खरा असेल आणि शाळा दाद देत नसेल तर जरूर बदला, पण नववी सुरू होण्याआधी. दहावीच्या तोंडावर नको. तोवर एक करा. रोज रात्री दहा मिनिटं उद्याचा धडा तिनं तुम्हाला मोठ्यानं वाचून दाखवायचा. अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीनं देवनागरीत उच्चार लिहायचा. दुसऱ्या दिवशी तोच धडा वर्गात आला की तिचा हात वर जायची शक्यता वाढते. एक पान तुम्हीही वाचा.

सरांना पंधराव्या दिवसाची वाट न बघता दहाव्या दिवशीच उत्तर द्या, आणि नुसतं हो म्हणू नका. सांगा: "मी काम घेते. पहिल्या महिन्यात दोनच क्लायंट द्या, फोनवर ओळख असलेले. पहिल्या भेटीला तुम्ही किंवा सीनियर कुणीतरी बरोबर या, पण अडलेल्या बिलांचा भाग मी सांगेन. दुसऱ्या महिन्यात मी एकटी जाते. प्रवासभत्ता आणि पगारवाढ कुठल्या तारखेपासून, ते लिहून द्या." शिवोलीच्या हार्डवेअरवाल्यापासून सुरुवात करा, त्याची बिलं तुम्हाला तोंडपाठ आहेत. कळंगुटची हॉटेलं तिसऱ्या महिन्यात घ्या.